सरासरी साडेबारा: बारा हेडच्या कॅपिंग मशीनचं एक प्रकरण

गोदामातून परत आलेल्या चोवीसच्या पॅकमध्ये कधी एक बाटली गॅस गेलेली निघायची, कधी दोन, आणि त्यानंतरचे चार-पाच पॅक अगदी ठणठणीत. बाटली आडवी धरली की झाकणाच्या कडेने बारीक ओल दिसायची. काहींच्या मानेवर वाळलेल्या पाकाचा चिकट पट्टा असायचा. लाइनवर मात्र सगळं जागच्या जागी होतं. दर तासाला टॉर्क, म्हणजे झाकण फिरवायला लागणारा जोर, मोजला जात होता, नोंदवहीत आकडे भरलेले होते, साप्ताहिक देखभालीच्या तक्त्यावर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या आणि तळाशी माझी सही होती. तो तक्ता मीच बनवलेला. या प्रकरणात चुकलेल्यांमध्ये मीही आहे, आणि ते आधीच सांगितलेलं बरं.

मशीन फिरतं होतं, बारा हेडचं, म्हणजे झाकण आवळणारी बारा डोकी असलेलं, आणि बाटल्या भरणाऱ्या फिलरला लागून. गॅसचं पेय, पेट प्लास्टिकची बाटली, २८ मिलिमीटरचं प्लास्टिकचं आट्यांचं झाकण. वेग मिनिटाला २०० बाटल्या, म्हणजे तासाला १२,००० आणि एकेका हेडच्या वाट्याला तासाला १,००० झाकणं. ही शेवटची संख्या कायम डोक्यात ठेवावी. एक हेड बिघडलं तर बिघाड दिसतो बारापैकी एका बाटलीत, म्हणून तो किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात एका पाळीत त्या एका हेडखालून ८,००० बाटल्या गेलेल्या असतात.

ज्यांनी हे मशीन उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉर्टर झाकणं एका दिशेला वळवून चूटमध्ये सोडतो. हेडच्या खालचा चक झाकण उचलतो. वरचा कॅम हेडला फिरतं फिरतं खाली आणतो, झाकण आट्यांवर चढतं आणि घट्ट होतं. ठरलेल्या जोरापर्यंत पोचलं की हेडमधला मॅग्नेटचा क्लच सुटतो, झाकण थांबतं, वरचा भाग फिरत राहतो आणि हेड वर निघून जातं. या सगळ्या वेळात बाटली स्टारव्हीलवर, म्हणजे बाटल्या पुढे नेणाऱ्या खाचांच्या चाकावर, मानेच्या कडीने लटकलेली असते. झाकणाबरोबर तीही फिरू नये म्हणून कडीखाली दातेरी ब्लेड असतं. वरून हेडचा दाब येतो, दाते कडीत किंचित रुततात आणि बाटली जागेवर धरली जाते. आमच्या मशीनवर अशी बारा ब्लेडं, प्रत्येक जागेला एक. हेडबद्दल सगळे बोलतात. ब्लेडबद्दल त्या दिवसापर्यंत आमच्याकडे कुणी बोललेलं मला आठवत नाही.

टॉर्कबद्दलही दोन गोष्टी आधी सांगतो, कारण यातला गोंधळ मी फार ठिकाणी पाहिला आहे. हेड ज्या जोराने झाकण आवळतं तो लावण्याचा टॉर्क. टेस्टरवर आपण हाताने झाकण उघडून जो आकडा वाचतो तो उघडण्याचा टॉर्क, आणि तो लावण्याच्या टॉर्कपेक्षा कमी येतो. प्लास्टिक सैलावतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत तो आणखी उतरतो. उलट आट्यांत पाक वाळला तर तो वाढूही शकतो. म्हणून झाकण लागल्यावर किती वेळाने मोजलं हे ठरलेलं नसेल तर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या सेटिंगसाठी कामावर चालणारा ठोकताळा असा, की झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याच्या निम्मे इंच-पाउंड लावायचे. २८ ला १४, म्हणजे साधारण १.६ न्यूटन-मीटर. हा फक्त आरंभ, खरी मर्यादा झाकणवाल्याच्या पत्रकातली. आमच्या झाकणासाठी ताज्या बाटलीचा उघडण्याचा टॉर्क ८ ते १७ इंच-पाउंडांत हवा होता आणि नोंदवहीतली सरासरी साडेबाराच्या आसपास होती. दोन्ही टोकांपासून बरोबर मध्यावर. यापेक्षा चांगली सरासरी मागून मिळाली नसती.

पहिला उपाय चुकला तो असा. तक्रार आली त्या रात्री पाळीप्रमुखाने बाराही हेडचे क्लच एकेक खूण पुढे केले. त्याला दोष देणं सोपं आहे. पण लाइन थांबवता येत नाही, गोदामातून फोन येत आहेत आणि झाकण सैल असल्याचं डोळ्यांनी दिसतं आहे, अशा वेळी माणूस आवळणारच. सकाळी सरासरी पावणेपंधरा आली. सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र गळणाऱ्या बाटल्या तेवढ्याच होत्या आणि त्यात नवी भर पडली होती. काही झाकणं उघडता उघडत नव्हती, आणि काही घट्ट दिसत असूनही बोटाने गरगर फिरत होती.

गरगर फिरणाऱ्या झाकणाचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. झाकणाला त्याच्या ताकदीबाहेर आवळलं की आटे एकमेकांवरून उडी मारतात. उडी मारली की आतलं सील आवळलेलं राहत नाही आणि बाटली गळते. म्हणजे कमी टॉर्कची खूण गळती, आणि फार जास्त टॉर्कचीही खूण गळतीच. गळती दिसली म्हणून आवळत सुटलो तर आपण कुठल्या बाजूने चुकतो आहोत हेच कळत नाही. गळणारी बाटली हातात आली की मी आता पहिल्यांदा झाकण काढून आटे बघतो. उडी मारलेल्या आट्यांच्या कडा झिजून चमकतात, कधी पांढऱ्या पडतात. सैल लागलेल्या झाकणाचे आटे कोरे असतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइन थांबवून बसलो. संशयितांची यादी मोठी होती. झाकणांची नवी खेप आली होती का? आली होती, पण गळती तिच्या आधीपासूनची. झाकणं थंड जागेतून थेट हॉपरमध्ये पडत होती का? थंडीने कडक झालेलं झाकण वेगळं वागतं आणि त्याची खालची सील-रिंगही लवकर तुटते. पण खोके आदल्या दिवशीच लाइनजवळ आणून ठेवायची पद्धत होती. बाटलीच्या तोंडाची मापं घेतली, ठीक होती. फिलरमधून फेस उडून आटे ओले होत होते का? थोडे होत होते, पण ते सगळ्याच बाटल्यांचे. टेस्टरवर मात्र थोडा वेळ गेला, कारण दिवसपाळीला एक माणूस झाकण हळूहळू फिरवत उघडायचा आणि रात्रपाळीचा झटका द्यायचा. एकाच हेडच्या बाटल्यांवर दोघांच्या वाचनात दीड-दोन इंच-पाउंडांचा फरक पडत होता. हा फरक गळतीचं कारण नव्हता, तरी आमचे आकडे किती कच्चे होते हे त्यातून कळलं. त्याच दिवसापासून सगळ्यांनी सावकाश, एका दमात उघडायचं ठरलं.

मग आम्ही क्लच जुन्या खुणेवर परत आणले. ही जुनी खूण मशीन बसवलं तेव्हाच्या वहीत हेडवार लिहिलेली सापडली म्हणून बरं. नाहीतर मूळ सेटिंग काय होतं हे अंदाजाने ठरवावं लागलं असतं. आणि पहिल्यांदाच हेडवार मोजलं. फिरत्या मशीनवर ते अवघड नाही. मशीन थांबवून एक नंबर हेडखालच्या बाटलीवर पेनने खूण करायची, मशीन सावकाश सोडायचं आणि त्या बाटलीपासून पुढे ओळीने छत्तीस बाटल्या उचलायच्या. बाराच्या तीन फेऱ्या, प्रत्येक हेडच्या तीन बाटल्या. आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते आकडे सांगत होते आणि मी लिहीत होतो.

दहा हेड बारा-तेरामध्ये होते. सातव्या जागेच्या तीन बाटल्या ५, ९ आणि ७. दहाव्याच्या दोन बाटल्या १८, तिसरी ४.

काकांनी दहाव्याच्या तिसऱ्या बाटलीचं झाकण उलटं करून मला दाखवलं. आट्यांच्या कडा उडालेल्या. ती ४ ची बाटली सैल लागलेली नव्हती, अति आवळून सुटलेली होती. ती बाजूला ठेवून मी बेरीज केली. दहा हेड साडेबाराचे म्हणजे १२५, सातवं सरासरी ७, दहावं १८. एकूण १५०. भागिले बारा, साडेबारा.

त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत होतो. एक हेड धोकादायक सैल, दुसरं धोकादायक घट्ट, आणि दोघांनी मिळून सरासरी अगदी जिथे असायला हवी तिथे आणून ठेवलेली. आमच्या नोंदवहीत दर तासाला फक्त सरासरी लिहिली जात होती. नमुना पाच बाटल्यांचा, बेल्टवरून सलग उचललेल्या. बारा हेड असताना सलग पाच उचलल्या तर एखादं ठरावीक हेड त्यात न येण्याची शक्यता बारात सात, म्हणजे जवळजवळ ५८ टक्के. इकडून तिकडून पाच उचलल्या तर हुकण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या घरात जाते. आणि सातवं हेड नमुन्यात आलं तरी चार साडेबारांमध्ये एक सात मिसळून सरासरी ११.४ होते, मर्यादेच्या आरामात आत. त्यातून कधी ५ दिसलाच तर 'बाटली नीट धरली गेली नसेल' म्हणून दुसरी घ्यायची सवय होतीच. नोंद खोटी कुणीच करत नव्हतं. रकानाच असा होता की त्यात खरं मावत नव्हतं.

सातव्या हेडकडे वळलो. साहजिक संशय क्लचवर, म्हणून हेड उतरवून बाकावर तपासलं. क्लच ठरल्या जोरालाच सुटत होता. चकचे दाते धारदार, स्प्रिंग ठीक. हेड निर्दोष दिसत होतं, पण बाकावर निर्दोष आणि मशीनवर निर्दोष यात फरक असू शकतो. म्हणून काकांनी सुचवलं ते केलं. सातवं हेड तिसऱ्या जागी बसवलं आणि तिसऱ्याचं सातव्या. छत्तीस बाटल्या पुन्हा. हेडचा दोष असता तर तो हेडबरोबर तिसऱ्या जागी गेला असता. तो गेला नाही. तिसऱ्या जागेच्या बाटल्या साडेबारा दाखवू लागल्या आणि सातव्या जागेच्या अजूनही ६-७. दोष हेडमध्ये नव्हता, जागेत होता. अर्ध्या तासाच्या या अदलाबदलीने जे सांगितलं ते हेड दहा वेळा खोलून कळलं नसतं. फिरत्या मशीनवर शंका आली की मी आता आधी हेच करतो: भाग हलवायचा आणि दोष त्याच्याबरोबर जातो का ते बघायचं.

जागेत काय असू शकतं यावर आमची चर्चा चालू असताना लाइनवर कॅपिंग मशीननंतर बाटल्या बघणाऱ्या ऑपरेटर ताई जवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, काही बाटल्यांना मानेखाली हाताला खरखर लागते. मी आधीपण बोलले होते."

"कुणाला बोललात?"

"दोन्ही पाळ्यांना. ते म्हणाले, बाटलीचा फॉल्ट असेल."

मी सातव्या जागेची आणि पाचव्या जागेची बाटली शेजारी शेजारी धरली. पाचवीच्या कडीखाली दात्यांचे आखूड, स्पष्ट ठसे होते, पेनाने टिंबं द्यावीत तसे. सातवीच्या कडीखाली ठसा नव्हताच. कडीच्या जवळजवळ चौथाई घेराला लांब ओरखडा होता आणि प्लास्टिकचा बारीक कीस लोंबत होता. दाते रुतले नव्हते, घसरले होते. झाकण फिरत होतं तशी बाटलीही फिरत होती. आता आवळण्याचा पहिला उपाय का फसला तेही समजलं. हेड कितीही जोराने आवळो, खालून बाटली धरलेली नसेल तर जोर झाकणात जात नाही, बाटली तेवढी जास्त फिरते. क्लच एक खूण पुढे केल्याने बाकी दहा जागा विनाकारण घट्ट झाल्या, आधीच घट्ट असलेली दहावी जागा जास्तच आटे उडवू लागली आणि सातवी जशीच्या तशी राहिली.

मुख्य स्विच बंद करून कुलूप आणि पाटी लावली आणि सातवं ब्लेड काढलं. दोन स्क्रूंपैकी एक सैल होता. ब्लेड शेजारच्यांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त खाली बसलं होतं. भिंगाखाली पाहिलं तर तीन दात्यांची टोकं दुमडलेली. उरलेल्या दात्यांना धार होती, पण ते कडीपर्यंत जेमतेम पोचत होते. कधी रुतायचे, कधी घसरायचे. म्हणून त्याच जागेच्या बाटल्या कधी ५ तर कधी ९.

झिजेने दाते गोल होतात, दुमडत नाहीत. दुमडायला धक्का लागतो. ब्रेकडाउनची वही मागे मागे चाळत गेलो तेव्हा सुमारे तीन आठवड्यांपूर्वीची एक ओळ सापडली: 'स्टारव्हीलमध्ये बाटली अडकली, काढली, लाइन चालू, ८ मिनिटं.' आठ मिनिटांत अडकलेली बाटली काढून लाइन चालू करणं ही त्या पाळीची चांगली कामगिरी समजली गेली होती, मीही तसंच समजलो होतो. अडकलेली बाटली कुठल्या जागेवर होती हे वहीत नव्हतं. गोदामातल्या सर्वात जुन्या गळक्या बाटल्यांवरच्या तारखा मात्र त्याच दिवशी सुरू होत होत्या, आदल्या दिवसाची एकही नव्हती.

त्या तीन आठवड्यांत साप्ताहिक तपासणी तीनदा झाली होती. तक्त्यातली ओळ होती 'स्टारव्हील व गाइड तपासणे'. तिन्ही वेळा बरोबरची खूण. ज्याने खूण केली त्याने स्टारव्हील खरंच पाहिलं होतं, माझा त्यावर विश्वास आहे. फक्त काय पाहायचं हे मी त्याला लिहून दिलं नव्हतं. उभं राहून बघितलं तर ब्लेड दिसतसुद्धा नाही, त्यासाठी वाकून खालून टॉर्च मारावा लागतो.

दहाव्या हेडची गोष्ट वेगळी निघाली, आणि एका अर्थी जास्त त्रासदायक, कारण तिथे धक्का किंवा अपघात नव्हता. रोजची साफसफाई होती.

हेड खोललं तर खालच्या बेअरिंगमधलं ग्रीस दुधासारखं पांढरट झालेलं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की असंच होतं. बेअरिंग हाताने फिरवलं तर खडे अडकल्यासारखं अडत होतं. मॅग्नेटच्या तोंडावर काळपट भुकटी चिकटलेली, बेअरिंगच्या गंजाची आणि झिजेची. लोखंडाचा कण सुटला की मॅग्नेट त्याला जाऊ देत नाही. मॅग्नेटच्या क्लचचं वैशिष्ट्य हेच की दोन भाग एकमेकांना न शिवता, फक्त चुंबकाच्या ओढीने जोर पोचवतात, म्हणून त्याचं सेटिंग वर्षानुवर्षं हलत नाही. पण त्या दोन भागांच्या मधलं बेअरिंग अडू लागलं किंवा फटीत भुकटी भरली, तर क्लच सुटल्यावरही घर्षणाने जोर पुढे जात राहतो. मॅग्नेट आपलं काम करून मोकळा होतो आणि अडणारं बेअरिंग झाकण आणखी आवळतं. खुणेवरचा आकडा तोच, झाकणावरचा जोर वेगळा. खूण बघून टॉर्क कळतो अशी समजूत असेल तर हे कधीच सापडत नाही.

पाणी आलं कुठून हे शोधायला एक दिवस पाळी संपल्यावर धुणं चालू असताना मी उभा राहिलो. पाक उडून हेडच्या खालच्या बाजूला चिकटतो, तो काढायला जोराच्या पाइपाची धार खालून वर, थेट चकच्या मुळाशी मारली जात होती. तिथेच बेअरिंगचं रबरी सील असतं. ते वरून गळणाऱ्या थेंबांना अडवायला आहे, खालून मारलेल्या धारेला नाही. धुणारा मुलगा मन लावून काम करत होता. जिथे जास्त चिकट तिथे जास्त वेळ धार. फिलरच्या बाजूने मशीनला वळसा घालताना दहावं हेड बरोबर त्याच्या समोर थांबलेलं असायचं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, पण त्या हेडचं सील बाकीच्यांपेक्षा जास्त खराब होतं हे नक्की. धुण्याच्या फेसातला क्लोरीनही बेअरिंगच्या पोलादाचा शत्रूच. दोन्ही बेअरिंगं, सील बदललं, मॅग्नेटची तोंडं पुसून काढली, हेड बाकावर तपासून परत लावलं. साडेबारा.

इथे ग्रीसबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो. दहाव्या हेडमध्ये दोन वेगळ्या प्रकारची ग्रीसं मिसळलेली असावीत असं त्याच्या पातळपणावरून काकांना वाटलं. कपाटात खरोखरच दोन डबे होते, दोन्ही खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठीचे, एच-१ शिक्क्याचे. पण एच-१ शिक्का ग्रीस चुकून पदार्थाला लागलं तर चालेल एवढंच सांगतो. दोन ग्रीसं एकमेकांशी पटतील की नाही हे तो सांगत नाही. आत घट्टपणा देणारा साबण वेगळ्या जातीचा असेल तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. आता एकच डबा आहे. आणि जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी नव्हे. हेडमध्ये भसाभसा भरलेलं ग्रीस सीलमधून बाहेर येतं आणि त्याची पुढची जागा म्हणजे झाकणाचा माथा.

रोखून ठेवलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. कुठली बाटली कुठल्या हेडखालून गेली हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, म्हणून आधी सगळाच माल फेकायची भाषा चालू होती. पण सातव्या जागेने प्रत्येक बाटलीच्या मानेखाली आपली सही ठेवली होती. ऑपरेटर ताई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पॅक उघडून प्रत्येक बाटलीच्या कडीखालून बोट फिरवलं. लांब ओरखडा लागला की बाटली बाजूला. दोन्ही ढिगांतल्या बाटल्या टेस्टरवर घेऊन पाहिल्या, तर वेगळ्या काढलेल्या बाटल्याच सैल निघाल्या. दहाव्या जागेच्या बाटल्यांना अशी खूण नव्हती. त्यांच्यासाठी झाकण बोटांनी हलकेच फिरवून बघणं आणि बाटली काही वेळ उलटी ठेवणं एवढंच हातात होतं. क्लच पुढे केलेल्या दिवसांचा माल मात्र सगळाच बाद केला. त्यात कुठलं झाकण उडी मारण्याच्या काठावर आहे हे सांगणं कुणाच्या हातात नव्हतं.

देखभालीचा तक्ता नव्याने लिहिला. आधीच्या तक्त्यात सत्तावीस ओळी होत्या, आता कमी आहेत. पाळी सुरू होताना एका फेरीच्या बारा बाटल्या, लागल्यापासून पाच मिनिटांच्या आत मोजायच्या आणि बारा आकडे बारा रकान्यांत. सरासरीचा रकाना काढून टाकला. तो लोकांना आवडायचा, विशेषतः वरच्या बैठकीत, पण तो असला की नजर थेट त्याच्याकडे जाते. बारा आकड्यांखाली दुसरी ओळ आहे: ठसा. आखूड की लांब. त्यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही, बाटली उलटी करून बघायची.

बाटली अडकली तर काढल्यावर जागेचा नंबर लिहायचा, त्या जागेचं ब्लेड खालून टॉर्च मारून बघायचं आणि लाइन सोडल्यावर त्या जागेच्या तीन बाटल्या मोजायच्या. यात चार-पाच मिनिटं जास्त जातात. उत्पादनाकडून यावर कुरकुर झाली आणि ती समजण्यासारखी आहे. मी त्यांना तीन आठवड्यांची गोष्ट सांगितली. दिवसाच्या दोन पाळ्या, सहा दिवस, तीन आठवडे, तर सातव्या जागेखालून पावणेतीन लाखांच्या वर बाटल्या गेल्या असत्या, अर्थात मशीन पूर्ण वेळ पूर्ण वेगात चाललं असतं तर. ते तसं कधीच चालत नाही. पण निम्म्या धरल्या तरी चार मिनिटांवरचा वाद तिथे संपला.

हेडची निगा आता चक्राने होते. आम्ही एक तेरावं हेड तयार ठेवलं आहे. दर आठवड्याला एक हेड उतरतं आणि तेरावं त्याच्या जागी चढतं. उतरलेलं हेड काका निवांतपणे बाकावर खोलतात, धुतात, बेअरिंग बघतात, क्लच तपासतात, आणि पुढच्या आठवड्यात ते चढायला तयार असतं. वर्षभरात प्रत्येक हेड चारेक वेळा उघडलं जातं आणि एकाही वेळी लाइन त्यासाठी अडून राहत नाही. आधी आम्ही वर्षातून एकदा बाराही हेड दोन दिवसांत खोलायचो. त्या घाईत शेवटची तीन-चार हेड कशी तपासली जायची ते मी पाहिलेलं आहे. हेडबरोबर त्याची चिठ्ठी फिरते, म्हणजे ते कुठल्या जागेवरून आलं आणि कुठे गेलं ते कळतं. ब्लेडांचं बघायचं काम त्याच वेळी, जागा मोकळी असते तेव्हा.

धुण्याची पद्धतही बदलली. हेडवर आता पाइप नाही. कोमट पाण्याचं फडकं, मऊ ब्रश, आणि पाइप फक्त कमरेखालच्या भागाला. धुऊन झाल्यावर मशीन काही मिनिटं रिकामं फिरवायचं आणि चक पुसायचे. वेळ वाढला, पण तो धुणाऱ्या मुलाच्या पाळीत धरून दिला आहे, त्याच्या जेवणाच्या सुट्टीतून काढलेला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण वेळ न देता सांगितलेली पद्धत पंधरा दिवस टिकते.

बाकीच्या गोष्टी नेहमीच्याच. सॉर्टर आणि चूटमधला प्लास्टिकचा कीस रोज काढणं, कॅमच्या रोलरवर सपाट डाग पडलाय का बघणं, बाटलीचं माप बदललं की मशीनची उंची गेजने लावणं. यातली उंची तेवढी महत्त्वाची. मशीन किंचित वर राहिलं तर वरचा दाब कमी पडतो, आणि मग बाराही ब्लेडं नवी असली तरी दाते रुतत नाहीत. बाराही जागांचे ठसे एकदम लांब दिसू लागले तर ब्लेडांना हात लावायच्या आधी उंची बघावी.

नवा तक्ता सुरू होऊन दोनेक महिने झाले तेव्हा चौथ्या रकान्यातला आकडा हळूहळू सरकताना दिसला. साडेबारा, बारा, पुढच्या आठवड्यात साडेअकरा, मग अकरा. मर्यादेत होता, गळती एकही नव्हती. ठसा आखूड, म्हणजे ब्लेड ठीक. तक्त्याच्या खालच्या रिकाम्या जागेत ऑपरेटर ताईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं: '४ नंबरच्या झाकणांच्या कडा चमकतात.' काकांनी चक्रात कुठल्या हेडचा क्रम आहे ते न बघता चौथं हेड उतरवलं. चकचे दाते एका बाजूने घासून गुळगुळीत झाले होते आणि झाकणावर घसरू लागले होते. तेरावं हेड चढवायला अकरा मिनिटं लागली.